रिजवे: बुरूज नसलेले गड आणि खडूचा घोडा

टेकडीवाला (धागाकर्ता)

नमस्कार. सह्याद्रीत पंधरा-सोळा वर्षे भटकंती केल्यानंतर नोकरीनिमित्त इंग्लंडमधील रेडिंग येथे राहायला आलो, त्याला आता चार वर्षे होत आली. यंदा मे महिन्यात चार दिवसांची सवड काढून रिजवे नावाच्या प्राचीन वाटेचा पश्चिमेकडील भाग, म्हणजे एव्हबरीजवळच्या ओव्हर्टन हिलपासून थेम्सकाठच्या स्ट्रीटलीपर्यंतचे सुमारे 70 किलोमीटर, चालून आलो. संपूर्ण वाट 139 किलोमीटरची असून ती पूर्वेला आयव्हिंगो बीकन या टेकडीवर संपते. तिला 1973 पासून राष्ट्रीय पायवाटेचा दर्जा आहे. दिवसवार वृत्तांत लिहिण्याऐवजी मला वाटेत पडलेले एक कोडे आपल्यापुढे मांडतो.

पहिल्या दिवशी दुपारी बार्बरी कॅसल येथे पोहोचलो. नकाशावर 'कॅसल' असे ठळक लिहिलेले पाहून मनाने आपोआप दरवाजा, बुरूज, निदान एखादे टाके असे चित्र रंगवले होते. प्रत्यक्षात तेथे एका सपाट माथ्याभोवती गवताने झाकलेले मातीचे उंच बांध, त्यांच्या लगत खोल खंदक आणि त्या खंदकात चरणाऱ्या मेंढ्या, एवढेच होते. हा लोहयुगातील, म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा डोंगरी किल्ला. दगडाचा एकही चिरा दिसला नाही. राजगडाच्या संजीवनी माचीवर उभे राहिलेल्या माणसाने याला गड कसे म्हणावे, असा प्रश्न पडला आणि खरे सांगायचे तर थोडी निराशाही झाली.

तिसऱ्या दिवशी अफिंग्टनच्या किल्ल्याजवळ सूर्य मावळतीला आला असताना तोच प्रकार अगदी निराळा दिसला. तिरप्या उन्हात प्रत्येक बांधाची सावली पडली होती, पलीकडच्या कुरणात जुन्या शेतांचे चौकोन उमटले होते, आणि जी जमीन दुपारी सरसकट हिरवी दिसली असती तिच्यावर जागोजागी माणसाच्या हाताच्या खुणा होत्या. त्या क्षणी जाणवले की या प्रदेशात इतिहास दगडात कमी आणि मातीत जास्त आहे, आणि तो वाचण्याची सवय माझ्या डोळ्यांना नाही. ज्यांनी इंग्लंडच्या ग्रामीण भागात अशी भटकंती केली आहे, त्यांनी ही सवय कशी लावून घेतली, हे जाणून घ्यायचे आहे.

एक उपप्रश्नही आहे. एव्हबरीचे प्रचंड शिलावर्तुळ पाहताना भारावून गेलो, परंतु त्यातील बरेच दगड 1930 च्या दशकात पुन्हा उभे केलेले आहेत आणि जिथे दगड सापडला नाही तिथे काँक्रीटचा खुंट रोवलेला आहे, हे कळल्यावर मन थोडे खट्टू झाले. हे योग्य वाटते का?

गडकोट

धागा आवडला. मी पुण्यात राहतो आणि सुटीच्या दिवशी गडांवरील टाकी साफ करणाऱ्या एका गटाबरोबर जातो, त्यामुळे आपला उपप्रश्न मला मुख्य प्रश्नापेक्षा जास्त भिडला. आपल्याकडे जुन्या तटाला सिमेंटचा गिलावा दिला, की पुढच्या पिढीला मूळ काय आणि नंतरचे काय हे कळण्याचा मार्गच बंद होतो. एव्हबरीत त्यांनी काय केले ते सविस्तर लिहावे. कोसळलेले दगड उभे केले की नवे आणून बसवले?

टेकडीवाला

@गडकोट, नवे दगड आणलेले नाहीत. हे काम अलेक्झांडर केलर यांनी केले. त्यांच्या घराण्याचा स्कॉटलंडमधील डंडी येथे मार्मलेडचा मोठा व्यवसाय होता आणि त्या पैशातून त्यांनी एव्हबरीतील जमीन विकत घेतली. (संत्र्याच्या मुरंब्यातून पुरातत्त्वाचा खर्च निघाला, हे मला फार गमतीचे वाटते.) मध्ययुगात गावकऱ्यांनी अनेक दगड खड्डे खणून त्यांत आडवे पुरले होते, केलर यांनी ते उकरून त्यांच्या मूळ खळग्यांत उभे केले. सतराव्या-अठराव्या शतकात मात्र दगड फोडण्यात आले. खाली आग पेटवून दगड तापवायचा, त्यावर थंड पाणी ओतायचे आणि तडा गेल्यावर घणाने फोडायचा, अशी रीत होती. फुटलेल्या दगडांनी गावातली घरे बांधली गेली. त्या रिकाम्या जागांवर केलर यांनी काँक्रीटचे खुंट उभारले.

1938 मध्ये अशाच एका पुरलेल्या दगडाखाली चौदाव्या शतकातील एका माणसाचा सांगाडा मिळाला. त्याच्याजवळ कात्री, एक टोकदार हत्यार आणि काही नाणी होती, त्यावरून तो फिरता न्हावी-वैद्य असावा असे ठरले. दगड पुरताना तो त्याखाली चिरडला गेला, अशी गोष्ट गावात अजून सांगितली जाते. सांगाड्याच्या फेरतपासणीत मात्र चिरडल्याच्या खुणा दिसल्या नाहीत, म्हणजे तो आधीच मेलेला असण्याची शक्यता आहे.

गडकोट

मग माझे मत असे की काँक्रीटचा खुंट हाच त्यातील सर्वांत प्रामाणिक भाग आहे. तो खुंट दगड असल्याचा आव आणत नाही, 'येथे काहीतरी होते' एवढेच सांगतो. आपल्याकडे नवा दरवाजा जुन्यासारखा दिसावा म्हणून जी धडपड होते, तिच्यापेक्षा हे बरे. मात्र गावातली घरे पाडून वर्तुळ मोकळे केले असेल, तर त्याबद्दल मला शंका आहे.

टेकडीवाला

काही घरे पाडली, हे खरे आहे. तरीही गाव पूर्ण हटवले गेले नाही. आजही वर्तुळाच्या आत घरे आहेत, दारूचा गुत्ता आहे आणि हमरस्ता थेट वर्तुळाच्या मधून जातो. 1943 मध्ये केलर यांनी ही जागा नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळे जपणाऱ्या संस्थेला विकली.

नकाशावेडी

मी गेली नऊ वर्षे ब्रिस्टलला आहे आणि जवळपास प्रत्येक शनिवारी चालायला जाते. मूळ प्रश्नाला माझे उत्तर एका शब्दात आहे: नकाशा. मोबाइलवरचा निळा ठिपका नव्हे, तर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचा नारिंगी मुखपृष्ठाचा, 1:25,000 प्रमाणाचा कागदी नकाशा. रिजवेच्या या भागासाठी 157 आणि 170 क्रमांकाचे नकाशे लागतील. त्यांवर प्राचीन स्थळांची नावे वेगळ्या, जुन्या वळणाच्या टाइपात छापलेली असतात. त्या वळणाचे अक्षर दिसले की थांबायचे आणि आजूबाजूच्या जमिनीचा चढउतार पाहायचा. सुरुवातीला काहीही दिसत नाही, परंतु विसावे टेकाड पाहिल्यावर एकविसावे नकाशाशिवाय ओळखता येते.

नकाशावर हे आले त्यामागे ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांचे काम आहे. 1920 मध्ये ऑर्डनन्स सर्व्हेने त्यांना आपला पहिला पुरातत्त्व अधिकारी नेमले. त्यांनी आणि आपण उल्लेखलेल्या केलर यांनी मिळून 1920 च्या दशकात विमानातून या खडूच्या टेकड्यांची छायाचित्रे घेतली. जमिनीखाली बुजलेला खंदक असेल तर तेथे ओल जास्त टिकते आणि पीक उंच वाढते. पुरलेली भिंत असेल तर पीक खुरटते. वरून पाहिले की शेतात अख्खा आराखडा उमटतो. ऊन तिरपे असले की वरून बांधांच्या सावल्याही दिसतात, टेकडीवाला यांना जे दिसले ते त्याचेच जमिनीवरचे रूप आहे. म्हणून माझा सल्ला असा की किल्ले आणि टेकाडे भर दुपारी पाहू नयेत. हिवाळ्यात सूर्य दिवसभर खाली असतो आणि गवतही बुटके असते, तेव्हा थंडी सोसावी आणि जावे.

रिजवेवर चालताना ओकच्या फळाचे चिन्ह असलेले खांब राष्ट्रीय पायवाट दाखवतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. बाणांच्या रंगांकडे मात्र लक्ष दिले जात नाही. पिवळा बाण केवळ चालणाऱ्यांसाठी, निळा बाण चालणारे, सायकलस्वार आणि घोडेस्वार यांच्यासाठी. या वाटा म्हणजे शेतकऱ्याने दाखवलेला चांगुलपणा नसून कायद्याने मिळालेला हक्क आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा हक्काच्या वाटा सुमारे 2 लाख 25 हजार किलोमीटर भरतात, आणि 1949 च्या कायद्यानुसार त्यांची अधिकृत नोंद स्थानिक प्रशासनाला ठेवावी लागते. हा हक्क सुखासुखी मिळाला नाही. 24 एप्रिल 1932 रोजी शेकडो कामगार तरुण डार्बीशायरमधील किंडर स्काउट या जमीनदारांच्या शिकारीच्या माळावर मुद्दाम घुसले आणि त्यांपैकी पाच जणांना तुरुंगवास झाला. आपण शेताच्या मधोमध निर्धास्तपणे चालतो तेव्हा त्या तरुणांची आठवण मला हमखास येते.

वऱ्हाडी_पाऊल

मी नागपूरचा. इंग्लंडला एकदाच, दहा दिवसांसाठी आलो होतो आणि त्यातला एक दिवस एव्हबरीत गेला. वर्तुळ पाहून पहिला विचार आला तो काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीचा. तेथे सुमारे तीनशे शिलावर्तुळे आहेत, आणि नागपूरकरांपैकी किती जणांनी ती पाहिली असतील याची मला शंकाच आहे. मात्र तुलना जपून करावी लागते. विदर्भातील वर्तुळे लोहयुगातील असून ती दफनाशी जोडलेली आहेत. त्यांत घोड्याचे लोखंडी साजही मिळालेले आहेत. एव्हबरीचे बांधकाम इसवी सनपूर्व 2850 ते 2200 या काळात टप्प्याटप्प्याने झाले, म्हणजे ते आपल्या वर्तुळांहून हजार-दीड हजार वर्षे जुने आहे, आणि ते दफनभूमी म्हणून उभारलेले नाही. दिसण्यात साम्य असले तरी दोहोंचा एकमेकांशी संबंध नाही.

खरा संबंध दुसरीकडेच आहे. नकाशावेडी यांनी ऑर्डनन्स सर्व्हेचा विषय काढला म्हणून लिहितो. टेकड्यांच्या माथ्यावर चार-साडेचार फूट उंचीचे, वर निमुळते होत जाणारे काँक्रीटचे खांब आपण पाहिले असतील. 1936 पासून सुरू झालेल्या फेरमोजणीसाठी ते बांधले गेले. एका टेकडीवरून दुसऱ्या दोन टेकड्यांकडे कोन मोजून त्रिकोणांचे जाळे विणायचे, ही ती पद्धत. याच पद्धतीने 1802 मध्ये विल्यम लॅम्ब्टन यांनी मद्रासपासून हिंदुस्थानची मोजणी सुरू केली. उत्तरेकडे सरकत सरकत ते वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला पोहोचले आणि जानेवारी 1823 मध्ये तेथेच वारले. त्यांची कबर हिंगणघाटातच आहे.

टेकडीवाला

@वऱ्हाडी_पाऊल, हे मला अजिबात ठाऊक नव्हते. अफिंग्टनच्या किल्ल्याजवळ, 261 मीटर उंचीच्या व्हाइटहॉर्स हिलवर असा खांब आहे आणि मी त्याला पाठ टेकून दशमी-चटणी खाल्ली होती. पुढच्या वेळी निदान नमस्कार करीन.

सांजवात

चर्चा वाचताना फार आनंद झाला, परंतु माझी अडचण घरगुती आहे. जुलैमध्ये माझी आई साताऱ्याहून येणार आहे. तिचे वय अडुसष्ट असून गुडघे थोडे कुरकुरतात. मुलगा आठ वर्षांचा आहे. आम्ही लंडनमध्ये राहतो आणि आमच्याकडे गाडी नाही. या वाटेवरचे आम्हा तिघांना झेपेल असे काही आहे का?

नकाशावेडी

@सांजवात, एव्हबरी नक्की करावे. पॅडिंग्टनहून स्विंडनला आगगाडीने साधारण तासाभरात पोहोचाल आणि स्विंडनहून एव्हबरीला बस जाते. रविवारी बस कमी असतात, म्हणून परतीची वेळ आधीच पाहून ठेवावी. दगडांभोवती फिरायला तिकीट नाही. स्टोनहेंजप्रमाणे दोरीबाहेरून पाहावे लागत नाही. येथे दगडाला हात लावता येतो आणि त्याच्या सावलीत बसताही येते. आईंसाठी वर्तुळाच्या आतील सपाट भाग पुरेसा आहे. गवतात मेंढ्यांच्या लेंड्या असतात, त्यामुळे चपलांऐवजी बूट घालावेत.

मुलाला हुरूप असेल तर त्याला वेस्ट केनेटच्या लांबट थडग्यापर्यंत घेऊन जावे. हमरस्त्यावरून सौम्य चढाची वाट आहे. सुमारे 100 मीटर लांबीच्या या मातीच्या टेकाडात इसवी सनपूर्व 3650 च्या सुमाराची दगडी दालने आहेत आणि त्यांत आत जाता येते. विजेरी सोबत ठेवावी. वाटेत सिल्बरी हिल दिसेल. ही गोल टेकडी माणसांनी इसवी सनपूर्व 2400 च्या आसपास रचली, आणि युरोपातील प्रागैतिहासिक मानवनिर्मित टेकाडांत ती सर्वांत मोठी आहे. तिच्यावर चढण्यास मनाई आहे.

गडकोट

मनाई का? आपल्याकडे मनाईची पाटी म्हणजे चढण्याचे आमंत्रणच असते.

नकाशावेडी

खजिन्याच्या किंवा राजाच्या थडग्याच्या आशेने 1776 मध्ये खाणकामगारांकरवी माथ्यापासून तळापर्यंत उभा बोगदा खणण्यात आला. मिळाले काहीच नाही. तो बोगदा नीट भरलाही गेला नव्हता, आणि 2000 साली माथ्यावर अचानक मोठा खड्डा पडला. पुढे 2007-08 मध्ये आतल्या पोकळ्या खडूने भरून काढल्या. आजवर तेथे एकही दफन सापडलेले नाही, आणि ही टेकडी का रचली हे कोणालाही निश्चित सांगता आलेले नाही.

सांजवात

मनापासून आभार. आईला 'कोणालाही ठाऊक नाही' हे उत्तर चालत नाही, ती स्वतःच काहीतरी कारण शोधून काढील.

घाटमाथा

मला या चर्चेत एक हरकत नोंदवायची आहे. रिजवेला 'ब्रिटनमधील सर्वांत जुना रस्ता' म्हटले जाते आणि त्याचे वय सर्रास पाच हजार वर्षे सांगितले जाते. परंतु पुरावा काय? आपल्या नाणेघाटाचे प्राचीनत्व नुसत्या सांगोवांगीवर उभे नाही. घाटाच्या तोंडाशी लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे, त्यात राणी नागनिकेच्या काळातील यज्ञ आणि दाने नोंदलेली आहेत. रिजवेवर असे काय आहे?

टेकडीवाला

@घाटमाथा, हरकत रास्त आहे. लेख नाही, कारण या वाटेच्या ज्या काळाबद्दल बोलले जाते त्या काळी येथे लिपीच नव्हती. अभ्यासकांनाही हा दावा सरसकट मान्य नाही. ओव्हर्टन डाऊन या माळावर ही वाट त्याहून जुन्या शेतांचे बांध ओलांडून जाते, म्हणजे तिथे तरी वाट शेतांच्या नंतरची ठरते. ही एकच आखलेली सडक असण्यापेक्षा डोंगरधारेवरून गुरे आणि माणसे कोरड्या जागेतून जात राहिली, त्यातून पडलेला रुंद पट्टा असावा, हे मला जास्त पटते. खडूचा दगड पाणी शोषून घेतो, त्यामुळे धार कोरडी राहते. तेच पाणी पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते, आणि म्हणून सारी गावे खाली एका ओळीत वसलेली आहेत. याचा अर्थ असाही होतो की वर पाणी जवळजवळ मिळत नाही. दुसऱ्या दिवशी दोन लिटरच्या भरवशावर निघालो आणि दुपारनंतर पार घसा कोरडा पडला. आपण तीन लिटर घ्यावे.

जुनेपणाचा पुरावा वाटेत नसून वाटेकाठच्या स्थळांत आहे. अफिंग्टनच्या पश्चिमेला दोनेक किलोमीटरवर वेलंड्स स्मिदी, म्हणजे वेलंड लोहाराची भट्टी, नावाचे बीच जातीच्या झाडांत दडलेले थडगे आहे. पहिल्या टप्प्यात तेथे चौदा माणसे पुरली गेली, आणि इसवी सनपूर्व 3400 च्या आसपास त्यावरच मोठे टेकाड रचून पुढे भव्य शिळा उभ्या केल्या, त्यांपैकी चार आज दिसतात. त्यानंतर चार हजार वर्षांनी सॅक्सन लोक आले. हे कोणी बांधले याचा त्यांना पत्ता नव्हता, म्हणून त्यांनी ते आपल्या दैवी लोहाराला देऊन टाकले. नाल निखळलेला घोडा रात्री तेथे बांधावा, दगडावर नाणे ठेवून मागे न पाहता निघून जावे. परत येईपर्यंत नाल ठोकलेला असतो. आपल्याकडे ज्याचा कर्ता माहीत नाही ते पांडवांनी एका रात्रीत बांधलेले असते, तसेच हे. लोक अजूनही शिळांच्या भेगांत नाणी खुपसतात. त्याने दगडाची हानी होते, तेव्हा कृपया तसे करू नये.

खडूचे_हात

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. गडकोट यांनी जीर्णोद्धाराचा विषय काढला म्हणून अफिंग्टनच्या पांढऱ्या घोड्याबद्दल लिहावेसे वाटले, कारण मी एका उन्हाळ्यात त्याच्या सफाईला स्वयंसेवक म्हणून गेलो होतो.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: उतारावर गवत काढून, खोल चर खणून आणि त्यांत पांढरा खडू ठासून काढलेली ही सुमारे 110 मीटर लांबीची आकृती आहे. मातीच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला हे मोजण्याच्या पद्धतीने 1990 च्या दशकात तिचे वय इसवी सनपूर्व 1380 ते 550 यांदरम्यान ठरले. त्याआधी अनेक जण ती सॅक्सन राजांच्या काळातील मानत. गवत कडांवरून आत सरकत राहते आणि वरून माती वाहून येते. काही दशके कोणी हात लावला नाही तर घोडा पुसला जाईल. तीन हजार वर्षांच्या आसपास तो टिकला, याचा अर्थ प्रत्येक पिढीत कोणीतरी गुडघ्यांवर बसून तो घासला. भाषा बदलली, धर्म बदलला, घोडा कशासाठी काढला होता हेही विसरले गेले. पूर्वी या सफाईच्या वेळी जत्रा भरत असे आणि शेजारच्या खोल दरीत चीजचे गोळे गडगडत सोडत. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या वैमानिकांना खूण मिळू नये म्हणून घोडा गवताने झाकला होता.

आता गडकोट यांच्या प्रश्नाकडे येतो. येथे 'मूळ' काय म्हणायचे? वरचा खडू गेल्या काही वर्षांतला आहे, चर मात्र प्राचीन आहे. 2024 मध्ये डोके आणि मान या भागांत गवत आत शिरून रेषा अरुंद झाल्याचे आढळले, तेव्हा पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली कडा पुन्हा मागे घेण्यात आल्या. हे नूतनीकरण आहे की निगा, हे मला सांगता येणार नाही.

गडकोट

मी त्याला निगा म्हणेन. टाक्यातला गाळ काढण्यासारखे आहे हे. प्रत्यक्ष काम कसे करतात?

खडूचे_हात

एक हातोडा, एक बादली खडूचे तुकडे आणि गुडघ्यांखाली जुनी उशी. आधी कडेचे गवत आणि तण खुरप्याने काढायचे, मग खडू पसरून तो एकजीव होईपर्यंत ठोकायचा. वारा जबरदस्त असतो आणि दिवसाअखेरीस केस, भुवया, डबा, सगळे पांढरे होते. इतक्या जवळून घोडा मुळीच दिसत नाही, केवळ एक पांढरा पट्टा दिसतो. मी दिवसभर काम केलेला भाग पाय होता असे समजत होतो. संध्याकाळी शेजारच्या काकूंनी ती शेपटी असल्याचे सांगितले.